एका जागी न थांबणारा आवाज

मी मेंटेनन्सचा माणूस आहे. किकवीहून रोज बाईकने शिरवळला जातो, तिथल्या एका कंपनीत मोटर, पॅनल, वायरिंग बघतो. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते सापडत नसेल तर शोधणारा गाढव असतो, एवढाच माझा धर्म. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आजवर भरपूर खेचली आहे. त्यामुळे हे वाचून माझी खेचायची असेल तर जरूर खेचा... फक्त कारण सापडलं तर मला सांगा.

हाताने स्पीकर बनवायचा मला नाद आहे. ही माझी चौथी जोडी. अठरा एमएमचं प्लायवूड, जाड आवाजासाठी साडेसहा इंची वूफर, वर बारीक आवाजासाठी छोटा ट्वीटर, हवा बाहेर पडायला भोरमधून आणलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा. पेटीच्या आत काहीतरी मऊ भरावं लागतं, नाहीतर आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. लोक फायबरची रुई भरतात. मी कुठेतरी वाचलं होतं की लोकर सगळ्यात उत्तम. आणि लोकर घरातच होती — माळ्यावर, बाळूदादाचं घोंगडं.

बाळूदादा माझा थोरला भाऊ. टेम्पो चालवायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा टेम्पो सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ उभा सापडला. किल्ली आत, मोबाईल सीटवर, दादा नाही. नदीत बरेच दिवस शोध घेतला, काही मिळालं नाही. अर्धं गाव म्हणतं नदीत गेला, अर्धं म्हणतं कुठंतरी निघून गेला. मामा गुंजवण्याहून यायचा तो एकच विषय घेऊन. माणूस सापडलाच नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात, ती उरकून टाका म्हणायचा. आईचं उत्तर ठरलेलं. "जित्त्या माणसाची क्रिया करत न्हाईत."

आई आठवडाभर माहेरी गेली होती तेव्हा मी ते घोंगडं कापलं. अर्धं डाव्या पेटीत, अर्धं उजव्या. कसर लागलीय, कोण वापरतंय आता, असं तेव्हा वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढचं समजायला एकच गोष्ट माहीत हवी. दोन स्पीकरमधून हुबेहूब एकच आवाज सोडला की माणूस त्या दोघांच्या बरोबर मधोमध बसून बोलतोय असं ऐकू येतं. कानांचं साधं गणित आहे. मी त्यासाठी एका बातम्या वाचणाऱ्या बाप्याचं रेकॉर्डिंग वापरतो. ते लावलं, समोर स्टुलावर बसलो, तर बाप्या डावीकडे, टीव्हीच्या कपाटापाशी. पाच मिनिटांनी खिडकीखाली. मग दाराच्या चौकटीत, आणि दार तर उजव्या स्पीकरच्याही पलीकडे आहे.

वायरिंग उलटं झालं असेल म्हणून तपासलं. बरोबर होतं. डावी पेटी उजवीकडे नेली, अॅम्प्लिफायर बदलला, वायरी बदलल्या. दोष पेटीत असता तर पेटीबरोबर आवाजाचीही बाजू बदलली असती, तसं झालं नाही. लॅपटॉपला माइक लावून मोजलं, दोन्हीकडच्या आवाजाचा आलेख एकसारखा. बाप्या दर वेळी एकाच बाजूला सरकत होता असंही नाही, त्याचं ठरलेलं ठिकाणच नव्हतं. कुठून बोलतोय तिथे मी भिंतीवर पेन्सिलने फुली मारायचो. दोन महिन्यांत भिंत फुल्यांनी भरली. कंपनीत पॅनल उघडून उभा असताना डोक्यात हेच. जेवताना हेच. बायको असती तर सोडून गेली असती.

एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि पुन्हा तेच रेकॉर्डिंग लावलं. आई चहाला बोलवायला आली आणि दारातच थांबली. स्पीकर, मधोमध, वगैरे तिला कशाचाच गंध नाही.

"ह्यो बाप्या सारखा हिकडं तिकडं का हिंडतोय रं?"

मी वळून बघितलं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

"बाळूगत करतोय," ती म्हणाली. "त्येचंबी आसंच. एका जागी बूड टेकल तर शप्पत."

खरं होतं. दादा जेवायलासुद्धा ताट घेऊन फिरायचा. मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं... घोंगडं या पेट्यांत आहे, मी कापलं. वाटलं, आता तोंड बघणार नाही माझं.

"कापलंस?" एवढंच म्हणाली. पेटीपाशी गेली. मग खाली बसली. "ऱ्हाऊ दे आत. काढू नगं."

त्यानंतर ती रोज चार वाजता येऊन बसायची. बातम्या जुन्या, त्याच त्या, आणि ही जावई आल्यासारखी खुशीत. दोन घास जास्त खाऊ लागली. मामा आला आणि त्याने पुतळ्याचं काढलं, तर तिने त्याला हाताला धरून स्टुलावर बसवलं. "बोलू नगं. ऐक." मामाची नजर आधी कपाटाकडे गेली, मग हळूहळू खिडकीवरून दारापर्यंत. घाम पुसत उठला आणि चहा न घेता एसटी गाठली. मी अजूनही असलं काही मानत नव्हतो. पण पेट्या उघडायचं टाळत होतो, हे कबूल करतो.

भात काढणीच्या दिवसांतली गोष्ट. नेहमीसारखं रेकॉर्डिंग लावलं आणि बाप्या मधोमध. अगदी मधोमध, सुतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलला नाही. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात जमवला नव्हता. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. मी हसत आईकडे वळलो.

ती उठली होती. एका पेटीवर हात ठेवून, कान लावून उभी.

"हलीव की त्येला," ती म्हणाली.

मी घाबरून बॅलन्सचं बटण फिरवलं. आवाज डावीकडे गेला.

"तू न्हवं. त्येला हलू दे."

मी बटण परत जागेवर आणलं. बाप्या मधोमध बसून बातम्या वाचत राहिला. शेवटी तिनेच स्विच बंद केला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मीही त्या खोलीत बसून रडलो, का ते मला नीट सांगता येणार नाही.

याला आठ महिने झाले. दादाची काही खबर नाही, ना बरी ना वाईट. कंपनीतला एक इंजिनिअर मित्र म्हणतो, लोकर दबून बसली असेल, प्लायवूड सुकलं असेल, फेविकॉल पक्का झाला असेल. असेल. पण मग मी परत मोजलेला आलेख आधीच्याशी तंतोतंत जुळतो कसा, हे त्यालाही सांगता येत नाही. मला तर नाहीच.

मागच्या आठवड्यात भाकऱ्या थापता थापता आई म्हणाली, "त्या पुतळ्याला काय काय लागतं, मामाला इचारून ठेव." मी हो म्हणालो. अजून विचारलेलं नाही. रोज चारला पेन्सिल घेऊन स्टुलावर बसतो, तो बाप्या लावतो, आणि ज्या बिघाडाने दोन महिने माझी झोप उडवली, तो परत यावा म्हणून वाट बघतो.