पिवळ्या पडद्याच्या चार ओळी

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात सगळे त्यांना पिवळेकाका म्हणत. आडनाव वेगळंच होतं. पण डोळ्यांच्या दवाखान्यातला, रांगेत कुणाची पाळी आली तो नंबर दाखवणारा स्क्रीनचा पडदा त्यांनी अकरा वर्षांपूर्वी भडक पिवळा केला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पिवळ्यावर काळा, वीतभर आकडा. दिसायला अगदी गॅरेजची पाटी. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात आणि मग काही तास माणसाला धड काही दिसत नाही, एवढाच काकांचा हिशेब होता.

मग नवी टीम लीड आली, काकांच्या मुलीच्या वयाची. तिने फर्मान काढलं: सगळ्या ॲप्सना तयार रंगरूपाची एकच स्टायलिंग लायब्ररी जोडायची, जुनी सीएसएस, म्हणजे रंग-आकार ठरवणाऱ्या हाताने लिहिलेल्या ओळी, काढून टाकायची. काम काकांच्याच गळ्यात पडलं. एक कमांड, लायब्ररी आत घेणारी एक इम्पोर्टची ओळ. लायब्ररीने आल्या आल्या सगळ्यांना एका मापाचं केलं. नंबर करडा, नाजूक होऊन कोपऱ्यात जाऊन बसला.

"थेंब घातल्यावर लोकांना दिसायचं नाही गं. माझ्या पिवळ्या रंगाच्या चार ओळी तेवढ्या राहू दे."

"डॉक्टरांना दाखवलंय, काका. त्यांना आवडलं."

डॉक्टरांच्या डोळ्यांत कुणी थेंब घातले नव्हते. काकांना वाईट वाटलं, रागही आला. पण ते भांडले नाहीत. लीड पडदा बघायला जाणार होती त्याच दिवशी त्यांनी दवाखान्यात स्वतःचा नंबर लावला.

ती आली तेव्हा काका थेंब घालून बाकावर बसले होते.

"किती छान दिसतंय ना?"

"असेल," काका म्हणाले.

शेजारच्या आजी त्यांच्याकडे वळल्या. "अहो, बत्तीस आला का? मघाशी माझा चुकला, पुन्हा लावलाय."

"मलाही दिसत नाही, आजी. आणि हे मीच केलंय."

लीडने बाकांवर नजर टाकली. सगळे तोंड वर करून बसले होते आणि वाचत कुणीच नव्हतं. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला.

"सांगा काका, त्या चार ओळी."

काकांना कीबोर्डही दिसत नव्हता, पण ओळी तोंडपाठ होत्या. "इम्पोर्टच्या खाली लिही. वर लिहिलंस तर लायब्ररी त्या खाऊन टाकेल."

थोड्या वेळाने समोरची भिंत पिवळी झाली. काका आकडा वाचून दाखवणार, तोच आजी पिशवी सावरत उठल्या.

"आला की माझा," म्हणाल्या, आणि कुणाचाही हात न धरता आत गेल्या.