समासातलं अक्षर

माझ्या आत्याने बावीस वर्षं एका कॅप्टनची पुस्तकं टाइप केली. कॅप्टन नौदलातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात देशाचं काय चुकतंय ते त्यांना कळलं. जहाज वळवायला त्यांना पाऊण तास लागायचा म्हणे. देश मात्र एका प्रकरणात वळायचा. अशी नऊ पुस्तकं झाली.

ते खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे, आत्या टाइप करायची. दुपारी साहेब वामकुक्षी घेत, तेवढ्यात ती समासात पेन्सिलीने लिहून ठेवायची. हे मागच्या पानावर आलंय. मंत्र्याला गाढव एकदाच म्हणावं. याला आधार काय? उठल्यावर कॅप्टन चडफडायचे आणि मुकाट्याने बदलायचे. चारशे पानांची दोनशे होत, म्हणून तर लोक वाचत. प्रस्तावनेत आभार मात्र पत्नीचे, प्रकाशकाचे आणि कुत्र्याचे. कुत्र्याने पुस्तकासाठी नेमकं काय केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

कॅप्टन आणि त्यांची पत्नी दोघंही गेल्यावर कागद अभिलेखागारात गेले. एक्केचाळीस खोकी. त्यांची छापील यादी मी आत्याला वाचून दाखवली. प्रत्येक हस्तलिखितापुढे शेरा होता, 'समासात पेन्सिलीने दुरुस्त्या, अज्ञात व्यक्तीच्या.' आत्या म्हणाली, तिथे तिचं नाव हवं. आयुष्यात तिने स्वतःसाठी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघी अर्ज घेऊन अभिलेखागारात गेलो. यादी करणाऱ्या बाई फार अदबशीर होत्या, पुरावाही अदबीनेच मागितला. नेमणुकीचं पत्र नव्हतं, कारण कॅप्टन तोंडी हुकूम देत. मग हस्ताक्षराचा नमुना द्या म्हणाल्या. आत्या एक्क्याऐंशीची, तिचा चहाचा कप मी धरते. तिने पेन्सिल घेतली आणि सवयीने लिहिलं, 'याला आधार काय?' अक्षरं कागदभर लडखडली. बाईंनी जुन्या पानाशेजारी तो कागद ठेवून भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"नाही हो जुळत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, एक्क्याऐंशीला तुमचंही जुळणार नाही. माझं हे म्हणणं त्यांनी काही नोंदवून घेतलं नाही.

पण अर्जाची दखल मात्र घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. महिन्याभराने सुधारित यादी घरपोच आली. दुसऱ्या कुणाचं अक्षर सिद्ध झालं नव्हतं आणि घाईत अक्षर बदलतंच, असं म्हणून नवा शेरा दिला होता, 'दुरुस्त्या बहुधा लेखकाच्याच. कॅप्टन स्वतःच्या लेखनाचे कठोर परीक्षक होते.'

मला संतापाने रडू आलं. आत्याने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

"अज्ञात व्यक्ती होतं तेच बरं होतं गं," ती म्हणाली. "तिथे निदान कुणीतरी होतं."