कीबोर्डवरचं फूल

झेंडूचा वास आला की चाकणच्या कंपनीतली थंडगार सर्व्हर रूम आठवते. खंडेनवमीची पूजा नुकतीच झाली होती. सर्व्हरला हार, कीबोर्डवर फूल. तेवढ्यात स्क्रीनवर दिसलं, की डेटा क्लाउडवर कॉपी करणाऱ्या सेवेपुरतीच उघडायची वाट सकाळच्या चाचणीनंतर अख्ख्या जगाला उघडी राहिली होती. अनोळखी पत्त्यांवरचे कॉम्प्युटर भराभर आत शिरू बघत होते. मी कीबोर्डकडे हात नेला. "पूजा झाल्यावर हत्याराला हात लावायचा न्हाई!" पूजा केलेले सुपरवायझर काका गरजले. "काका, दार सताड उघडंय, चोर उंबऱ्यावर आलेत!" मग त्यांनी स्वतःच फूल उचललं. "लाव." मी वाट बंद करेपर्यंत त्यांच्या मुठीत फुलाचा चुरा झाला होता. आता तिथली पूजा मी करतो, पण फूल वाहण्याआधी सगळी दारं बघून घेतो.