त्याच्याकडे तिचा नंबर होता

मला त्या कोरियन मालिकेतल्या नायकाचा राग यायचा, त्याचं मुख्य कारण म्हणजे त्याच्याकडे तिचा नंबर होता. फोन महागाचा, रेंज भरपूर, बॅटरी कधीच संपत नाही. तरी हा गृहस्थ फोन हातात घ्यायचा, तिचं नाव बघायचा, उसासा टाकायचा आणि फोन परत खिशात ठेवायचा. एकदा त्यानं लावला. तिनं ‘हॅलो’ म्हटलं, तर यानं कापला. दहाव्या भागापासून तेराव्यापर्यंत हेच चाललं होतं.

मालिका आईनं सुरू केली होती. आमचं गाव धामणगाव बढे. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की आई मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायची आणि जेवणाआधी आम्ही एक भाग बघायचो. मालिका हिंदीत केलेली होती आणि त्यातले सगळे पुरुष एकाच आवाजात बोलायचे. त्यामुळे कोण बोलतंय ते बघावंच लागतं, चुलीकडे तोंड करून भाकरी थापता येत नाही, ही आईची तक्रार. माझ्या तक्रारी जास्त होत्या. पावसात भिजलं की ताप यायचाच. आमच्याकडे माणसं दिवसभर भिजत शेतात राबतात, संध्याकाळी पोटभर जेवतात. शिवाय प्रत्येक भाग दोघं एकमेकांकडे बघताना संपायचा आणि पुढचा भाग तेच बघणं पुन्हा दाखवून सुरू व्हायचा. आईला भलतंच खटकायचं.

‘एवढी मोठी कंपनी हाय पोराची,’ ती म्हणायची, ‘अन् मधात पडायले एक मामा नाही?’

मला मामा होता. माझं वय तेहतीस, आठ एकर शेत, विहिरीला पाणी, हे सगळं मामानं बायोडेटात लिहिलं होतं. पण व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ वाचलं की मुलीकडचे पुढचं वाचत नसत. मामा म्हणाला, ‘स्वतःचा व्यवसाय’ असं लिहू. मी नको म्हटलं. कोणी विचारलं कशाचा, तर काय सांगणार होतो?

एका रविवारी आम्ही पिंपळगाव राजाला मुलगी पाहायला गेलो. हे माझं नववं की दहावं घर असावं. पोहे सगळीकडे सारखेच असतात. मुलगी गावातल्याच शाळेत शिकवत होती. तिच्या वडिलांनी बायोडेटा उलटा करून पाहिला, मागं नोकरी लिहिली असेल तर. मग कुणीतरी म्हणालं, पोरापोरीले दहा मिनिटं बोलू द्या.

गच्चीवर साडी अंथरून कुरडया घातल्या होत्या. आम्ही त्यांच्या दोन बाजूंना उभे राहिलो. तिनं विचारलं, संध्याकाळी काय करता? मी घाबरून खरं सांगितलं.

‘कितव्या भागावर आहात?’ तिनं लगेच विचारलं.

‘नऊ झाले.’

‘माझे चौदा झाले. आता दहाव्यापासून तुम्हाला लई चिडचिड होईल. नंबर आहे त्याच्यापाशी, पण फोन काही लावत नाही.’

‘काऊन?’

‘तेच तर मले समजलं नाही,’ ती म्हणाली आणि एक ओली कुरडई उलटवायला गेली, ती तुटली. अर्धी तिनं मला दिली. राहिलेली सात मिनिटं आम्ही त्या नायकाला नावं ठेवण्यात घालवली. अपेक्षा, आवडीनिवडी, नोकरी सोडाल का, हे विचारायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. खाली उतरताना मला ती आवडली होती. फार आवडली होती. निघताना तिचे वडील म्हणाले, ‘कळवतो.’

‘कळवतो’ या शब्दात काय असतं ते ज्याच्या वाट्याला तो आला त्यालाच कळतं. आमच्यात निरोप मामाकडे येतो, मामाकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. मुलानं स्वतः विचारायची रीत नाही, उतावळा दिसतो. बायोडेटावर नंबर असतो तोही वडिलांचा. तो माझ्या फोनमध्ये होता. मी रोज काढून बघायचो आणि फोन खिशात ठेवायचो. संध्याकाळी मालिका लागली की नायकाला शिव्या द्यायचो.

बुधवारी तेरावा भाग झाला. त्यात मुलीच्या बापानं नायकाला नकार दिला. नायक काहीही न बोलता समुद्रावर जाऊन उभा राहिला. इतक्या लांब जायची काय गरज होती ते मला कळलं नाही. पण आई एकदम तापली.

‘बाप नाही म्हणला,’ ती मोबाईलला म्हणाली. ‘पोरीले इचारलं का कोणी? अबे, पोरीले इचार ना!’

भाग संपला तरी ती तेच म्हणत होती. मालिकेपायी आईला इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. ती नीट जेवलीही नाही.

गुरुवारी सकाळी मी ओसरीवर बसून फोन लावला. आई समोर सुपात डाळ निवडत होती. पलीकडून वडिलांनीच उचलला. मी गावाचं नाव सांगितलं, रविवारी येऊन गेलो म्हणालो.

‘अहो, पण तुमच्या मामाले तर मंगळवारीच सांगतलं आम्ही,’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं. ‘जमत नाही म्हणून. नोकरीवालं पाहून राह्यलो आम्ही. मामानं तुमच्या आईले सांगतलं नाही का?’

मी आईकडे पाहिलं. डाळ घरचीच होती, तिच्यात खडा नव्हता. तरी आई मान खाली घालून खडे शोधत होती. मंगळवारपासून तिला ठाऊक होतं. बुधवारचं सगळं ती मोबाईलला बोललीच नव्हती. ‘बरं, ठीक आहे’ म्हणून फोन ठेवायचा, एवढंच आता उरलं होतं, आणि अंगठा लाल बटणावर गेलाही होता.

‘काका,’ मी म्हणालो, ‘तिले विचारलं का?’

पलीकडून भांड्यांचा आवाज, वडिलांनी कुणाला तरी मारलेली हाक, आणि मग तिचा आवाज, फोनपासून लांब.

‘बाबा, मले कुठं कोणी विचारलं?’

मग जवळून, मला. ‘हॅलो. माझ्याकडून हो आहे. मी बाबांशी बोलून राह्यले. तुम्ही फोन कापू नका.’

आईनं सूप खाली ठेवलं. मी फोन कापला नाही.