अम्मीच्या हातचा चुडा

आम्ही मणियार. भद्रकालीत आमचं बांगड्यांचं दुकान होतं आणि अब्बांचा हात साऱ्या नाशकात मऊ म्हणून ओळखला जायचा. काचेची कितीही तंग बांगडी ते अशी चढवायचे की बाईला कळायचंही नाही. निफाडकडच्या बायका दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत. ही फुशारकी आहे, आणि ती मारायचा मला हक्क आहे.

नव्वदच्या दशकात, मी बारावीत असताना, एका शुक्रवारी अब्बा मशिदीतून आले आणि अम्मीला म्हणाले, "आजपासून बांगड्या तू भरायच्या."

ज्या बाईशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नाही, तिला पुरुषानं हात लावू नये, हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पोटाचा प्रश्न आहे, म्हणून आमच्या घराण्यानं मनाची समजूत घातली होती. त्या दिवशी त्यांनी मौलानांनाही तेच सांगितलं. मौलाना रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे काम तुमच्या घरातली बाई करू शकत नाही का?" करू शकत होती. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मला भयंकर राग आला. बायका त्यांना मामा म्हणायच्या, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मी तसं फाडकन बोललेसुद्धा. अब्बा शांतपणे म्हणाले, "मन साफच होतं, बेटा. पण दुसरी वाट समोर असताना मी सबब सांगत बसू का?"

मग दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना शिकवणी सुरू झाली. सरावाला हात माझा. अम्मी परक्या घरच्या पोरीचा धरावा तसा माझा हात हळुवार धरायची, आणि तिथंच चुकायचं. हात सैल धरला की बांगडी अडते आणि फुटते. "कणीक मळतेस तसा दाब," अब्बा म्हणायचे. माझं मनगट ओरखड्यांनी भरलं. दुकानात बायका यायच्या, अम्मीला बसलेली बघायच्या आणि 'नंतर येते' म्हणून निघून जायच्या.

अशात निफाडहून एका द्राक्षबागायतदाराच्या घरचं बोलावणं आलं. मुलीचं लग्न होतं. नवरीच्या आईचा चुडा अब्बांनीच भरला होता. हे घर तुटलं असतं, तर निफाडकडचं सगळंच गिऱ्हाईक गेलं असतं. आम्ही तिघंही गेलो.

अब्बा बाजूला बसले आणि अम्मीनं पेटी उघडली, तशी नवरीची आई म्हणाली, "मामा, माझा चुडा तुम्हीच भरला व्हता. पोरीचा बी तुम्हीच भरा. लय आस हाय माझी."

"ताई, आता हात हिचा," अब्बा म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "का? आमच्या हातात काय खोट हाय?"

अब्बांनी मान खाली घातली. "खोट तुमच्यात नाही, ताई. परक्या बाईला हात लावायची आमच्या धर्मात मनाई आहे. इतकी वर्षं मी ती पाळली नाही. चूक माझी."

तिनं अम्मीकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पण चुड्यातली एक जरी बांगडी वाढली, तर दुसरा कासार बोलवीन." लग्नघरात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

अब्बा उठले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. अम्मीनं नवरीचा हात धरला. शेतात राबलेला, रुंद हाडाचा हात. दोन बांगड्या गेल्या. तिसरी अंगठ्याच्या हाडाशी अडली. अम्मीची बोटं सैल पडलेली मला दिसली.

"अंगठा आत घे," भिंतीकडून आवाज आला. "दाब. घाबरू नको." किणकिण थांबली, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं.

अम्मीनं दाबलं. बांगडी सरकली. मग बाकीच्याही सरकल्या, दोन्ही हात भरले आणि एकही फुटली नाही.

चुडा भरला की कासाराला वाकून नमस्कार करायची रीत. नवरी सवयीनं अब्बांकडे वळली. अब्बा तसेच पाठमोरे म्हणाले, "इकडे नाही, बाळ. जिनं भरला तिला कर."

नवरी अम्मीसमोर वाकली. अम्मी गोंधळली. मग तिनं दोन्ही हात त्या मुलीच्या डोक्यावर ठेवले. बांगड्या भरण्यापलीकडे अब्बा हात लावत नसत, साऱ्या जन्मात त्यांनी असा आशीर्वाद कुणा गिऱ्हाइकाला दिला नव्हता.

नवरीच्या आईनं डोळे पुसले, पदर सावरला आणि अम्मीसमोर बसून आपला हात पुढे केला. "आता माझ्या भरा, मामी."

मामी! अम्मीला तोवर असं कुणी म्हटलं नव्हतं.

अब्बा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. पण मी कडेला बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतका अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिला नाही, माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा नाही, आणि मी पहिल्या वर्गात पास झाले होते.