जाऊबाईंची पट्टी

वर्ध्याच्या स्टुडिओवाल्यानं माझ्या थोरल्या जाऊबाईंना माइकसमोरून उठवलं, त्याच दिवशी मी ठरवलं की यांचं भजन आता घरीच रेकॉर्ड करायचं. जाऊबाई पवनारला भाजीपाला पिकवतात आणि गातात अशा की ऐकणारा हातातलं काम ठेवतो. फक्त आवाज खालचा. बायका साधारण पेटीच्या काळी पाचच्या पट्टीत गातात. या काळी दोनमध्ये, म्हणजे पुरुष गातात तिथं. स्टुडिओवाल्यानं संगीत आधीच काळी पाचमध्ये करून ठेवलेलं. “ताई, बायायचा आवाज असा नसते,” तो मला म्हणाला. “ह्यायले कोरसमधी उभं करा.” जणू बायांचे गळे यालाच विचारून घडवतात! मी जाऊबाईंचा हात धरला आणि बाहेर पडले.

मी शाळेत गणित शिकवते आणि भजनी मंडळात कीबोर्ड वाजवते. त्याच्या पाठीमागच्या दोन गोल भोकांत आजवर फक्त धूळ गेली होती. त्यांतून कीबोर्ड लॅपटॉपला जोडणारी मिडी केबल मागवली. ‘आउट’ लिहिलेलं टोक ‘आउट’मध्ये खुपसलं, लॅपटॉप ढिम्म. “काऊन त्या डब्यासंग डोकं फोडून राह्यली?” नवरा म्हणाला. मी टोकं उलटी लावली आणि दाबलेला प्रत्येक स्वर पडद्यावर हिरव्या चौकटीसारखा उमटायला लागला. या केबलमधून आवाज जातच नाही. कोणता स्वर दाबला, किती जोरात, कधी सोडला, एवढीच खबर जाते. आवाज लॅपटॉप स्वतःचा काढतो.

दुपारी पंखा बंद करून, कीबोर्डचे हेडफोन कानाला लावून आम्ही बसलो. मी वाजवलं, जाऊबाई माइकवर गायल्या, डोळे मिटून, झकास. मग लॅपटॉपवर दोन्ही एकत्र लावून ऐकलं तर कानात बोटं घालावीशी वाटली. गाणं एकीकडे, संगीत भलतीकडे.

“वहिनीचा सूर हलला,” नवऱ्यानं निकाल दिला.

जाऊबाईंनी पदर खोचला. “स्टुडिओवाला बराबरच म्हणे. मी कोरसमधीच बरी,” म्हणाल्या आणि भेंडी तोडायला निघून गेल्या.

माझं टाळकंच सटकलं. या बाईचा सूर हललेला मी कधीही ऐकलेला नाही आणि आज कुणाच्या सांगण्यावरून ऐकणारही नव्हते. मी संगीत बंद करून नुसता आवाज ऐकला. सरळ, स्वच्छ. मग नुसतं संगीत ऐकलं. तेही नीट. वेगवेगळे दोघेही बरोबर, मग एकत्र आल्यावर भांडतात कशाला?

भांडण माझ्याच बोटांनी लावलं होतं. आमच्याकडचे मंडळवाले सगळं पांढरी एकमधून वाजवायला शिकतात. गाणारा कुठल्याही पट्टीचा असो, बोटं तिथंच राहतात. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की कीबोर्डच आवाज वर चढवतो. मी सवयीनं ते तीनदा दाबलं होतं. त्यामुळे हेडफोनमध्ये काळी दोन वाजत होती आणि जाऊबाई त्यात चोख गायल्या. माझ्या कीबोर्डनं तो तीनचा आकडा मात्र लॅपटॉपला कळवलाच नाही. लॅपटॉपला फक्त माझी बोटं कळली, आणि बोटं पांढरी एकवर होती.

पडद्यावरचे सगळे स्वर निवडून मी तीन घरं वर सरकवले. मग शेतातून जाऊबाईंना बोलावलं आणि नवऱ्याला मुद्दाम समोर बसवलं. घोळ त्या बटणाचा होता हे दोघांना सांगितलं आणि भजन लावलं. आवाज संगीतात असा बसला की मलाच भरून आलं.

“आता सांगा, कोणाचा सूर हलला होता?” मी नवऱ्याला विचारलं. त्यानं चहा मागितला. मी केला नाही.

जाऊबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कीबोर्डकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे बटण खालीबी जाते का?”

“जातं ना. कितीही.”

“मंग अजून खाली घेजो. काळी दोनलेबी मी ताणूनच गातो.”

“मग आजवर सांगितलं का नाही?”

“लोकं म्हणतीन, बाई आहे का गडी.” त्यांनी माइक स्वतःच्या हातानं जवळ ओढला. “म्हणू दे आता. वाजव तू.”