सदू सुताराच्या घरचं कपाट

कळंबच्या सदू सुताराच्या हातची कपाटं कर्जतपासून खालापुरापर्यंत साऱ्या बऱ्या घरांत होती. नव्हतं ते फक्त त्याच्या घरात. त्याच्या बायकोची, अंबाबाईची लुगडी बांबूच्या पेटाऱ्यात असत आणि दर पावसाळ्यात त्यातलं एखादं वाळवीच्या नैवेद्याला जाई.

सदू आळशी नव्हता, चोखंदळ होता. झाड उभं असताना पाहिल्याशिवाय त्याचं लाकूड तो हातात घ्यायचा नाही. रानाच्या वाटा जाणणाऱ्या शुक्रा ठाकराला घेऊन रानात जायचा, झाडाला पाठ टेकून त्याचा स्वभाव ओळखत बसायचा, आणि पुष्कळदा तिथंच झोप काढून परतायचा. रानातला साग सरकारनं राखून ठेवलेला. मुंबईच्या वखारीत ब्रह्मदेशचं सागवान मिळे, पण त्याचं नाव काढलं की सदू उसळायचा.

"दर्यावरनं आलेलं लाकूड. त्याचं गाव ना गोत. आपल्या पावसात ते रुसलं तर कुणाकडं जायचं?"

घरच्या कपाटासाठी तर त्याला काहीच पसंत पडेना. ऐन फुटतो, आंब्याला भुंगा लागतो, परसातला फणस अजून फळतोय.

"अवं, मला लाकडाशी सोयरीक करायची नाय," अंबाबाई म्हणे, "लुगडी ठेवायचीत."

"तुज्या कपाटाला कुणी नावं ठेवता कामा नये गं."

शेवटी शुक्रानं शिवणीचं एक झाड दाखवलं. सदूच्या मनात ते भरलं. कीड लागू नये म्हणून ओंडके पावसाळाभर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवले, मग कापून फळ्या सावलीत वाळवल्या. हलक्या, सरळ, कुठं चीर म्हणून नाही. अंबाबाई त्यावरून हात फिरवी आणि घाबरे. कारण याआधी दोनदा असंच लाकूड तयार झालं होतं आणि दोन्हीदा कुणी अडलेलं गिऱ्हाईक ते घेऊन गेलं होतं.

म्हणून एका सकाळी तिनं आंघोळ करून देवीच्या मुखवट्यासकट घरचे देव उचलले, फळ्यांच्या थप्पीवर मांडले आणि हळदकुंकू वाहिलं. देवांच्या आडून नवऱ्याला अडवावं असं तिच्या मनात नव्हतं, असं तिचं म्हणणं. देवांनाही कोरडी जागा हवीच होती.

त्याच दिवशी कर्जतचे तांदळाचे व्यापारी हिरूशेट आले. लेकीचं लग्न तोंडावर होतं, जावयाला कपाट द्यायचं होतं.

"सदू, ह्या फळ्या मला दे."

"शेट, त्यावर देव बसल्यात."

"मग देवीलाच विचार. कौल लाव. उजवा दिला तर माज्या, डावा दिला तर तुज्या."

देवीला नाही कसं म्हणायचं? अंबाबाईनंच जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या मुखवट्याला लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. डावी आधी पडावी म्हणून ती थोडी सैल लावायचा मोह तिला झाला. पण देवीसमोर हात धजावला नाही. हात जोडून ती बसली.

उजवी पाकळी पडली.

अंबाबाई पदर सावरून उठली आणि एकेक देव खाली उतरवू लागली. सदू तिच्याकडे पाहत राहिला. मग पुढं झाला, वरची फळी उचलली, नखानं खरवडली, नाकाशी धरली.

"शेट, ह्या न्हेऊ नका. कीड हाय आत."

"कीड? तुज्या लाकडात?"

"माजीच चूक. डोहातनं लवकर काडलं. जावयाच्या घरी भुसा सांडंल, तुमचं नाव जाईल."

हिरूशेट मागं सरकले. देवीनं आपल्याला कौल दिला होता तो किडक्या लाकडाचा, याचं त्यांना वाईट वाटलं. मुंबईहून सागवानाचं कपाट आणवतो म्हणाले. सदूनं मान डोलावली. ते सागवान चांगलंच असतं म्हणाला.

महिनाभरात त्याच फळ्यांचं कपाट सदूच्या घरात उभं राहिलं. हिरूशेटनी ती हकिगत बाजारात सांगितली. मग कुंभिवलीपर्यंतचे लोक मुद्दाम येऊन विचारू लागले, "काय रं सदू, किडक्या लाकडाचं कपाट कसं हाय?" सदू हसून म्हणे, "घरच्यापुरतं चालतंय."

अंबाबाई आतून ऐकत असे. देवीचा कौल मोडला म्हणून तिनं दर मंगळवारी निरंकार उपास धरला. खोटं सदू बोलला होता. तो त्या दिवशीही दोन भाकऱ्या जास्तच खायचा, आणि तीच त्याला वाढायची.